जळगावहून विमानाने किती लांब, किती वेळ: शाळेच्या भिंतीवरच्या फलकाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२५

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. भूगोलाच्या खोलीतली मागची भिंत मोकळीच आहे, तिथे फलक करायचा ठरला. मधोमध जळगाव विमानतळ, तिथून निघणारे दोरे, प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक विमानतळ आणि बाजूला दोन रकाने: अंतर आणि वेळ. काम नववीच्या वर्गाकडे. आमची शाळा धरणगाव तालुक्यातली. विमान डोक्यावरून जाते, पण वर्गातली बहुतेक मुले विमानात बसलेली नाहीत.

हा विषय आत्ताच घेण्याचे कारण साधे आहे. जळगावला २०१७ च्या डिसेंबरात 'उडान' योजनेतून मुंबईसाठी एकोणीस आसनांचे छोटे विमान सुरू झाले आणि पुढे ते थांबले. मध्ये बरीच वर्षे धरसोड झाली. २०२४ पासून पुणे, हैदराबाद, गोव्याचे मोपा आणि मुंबई या शहरांना एटीआर (पंख्यांची, सत्तरेक आसनांची) विमाने जाऊ लागली. गावातली मुले पुण्याला नोकरीला, त्यामुळे घरोघरी या फेऱ्यांची चर्चा असते. अशा वेळी मुलांनी अंतर स्वतः काढावे, नुसते मोबाइलवर पाहून लिहू नये, एवढाच आग्रह आहे.

दुसऱ्या शाळेतल्या कुणाला असाच फलक करायचा असेल तर उपयोगी पडतील म्हणून या नोंदी ठेवत आहे.

१२ नोव्हेंबर

पहिले काम अक्षांश-रेखांश. जळगाव विमानतळ २०°५७′४३″ उत्तर, ७५°३७′३६″ पूर्व. मुंबई १९°०५′१९″ उत्तर, ७२°५२′०५″ पूर्व.

मुलांनी हे आकडे संगणकात भरताना २०.५७४३ आणि ७५.३७३६ असे टाकले. दिसायला बरोबर, पण अंशाचे भाग साठ असतात, शंभर नव्हे. ५७ मिनिटे म्हणजे ०.९५ अंश, ४३ सेकंद म्हणजे जवळपास ०.०१२. म्हणून खरा आकडा २०.९६१९ आणि ७५.६२६७.

या एका गोष्टीने किती फरक पडतो ते नकाशावर टिंब देऊन बघितले. चुकीच्या आकड्याने जळगावची धावपट्टी कुसुंब्याहून उचलून पाचोऱ्याच्या दक्षिणेला जाऊन बसली, जवळपास ५० किलोमीटर लांब! पण मुंबईचा आकडाही तसाच चुकीचा भरला असेल, तर दोन्ही टिंबे सारख्याच दिशेने सरकतात आणि अंतर ३४३ किलोमीटर येते. खरे अंतर ३५५. म्हणजे फरक फक्त १२ किलोमीटरचा, नजरेत भरत नाही. म्हणूनच ही चूक पुढे तशीच राहून जाते. उपाय एकच: प्रत्येक विमानतळ आधी नकाशावर टिंब देऊन बघायचा, धावपट्टीवर पडतो का ते पाहायचे, मगच गणिताला हात घालायचा.

अख्खी दुपार यात गेली, पण ती गेली ते बरे झाले.

१४ नोव्हेंबर

जवळच्या विमानतळांसाठी गोलाचे गणित लागतच नाही. नववीचा पायथागोरस पुरतो. मला या प्रकल्पात सगळ्यात आवडलेला भाग हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, कुठेही गेलात तरी साधारण तेवढाच. पूर्व-पश्चिम एक अंश मात्र विषुववृत्तावर १११ आणि ध्रुवाकडे जाल तसा कमी. खान्देशाच्या अक्षांशावर तो १०४ च्या आसपास येतो (१११ गुणिले त्या अक्षांशाचे कॉस). जळगाव आणि मुंबई यांच्या मधल्या अक्षांशासाठी १०४.३ धरला.

अक्षांशातला फरक १.८७ अंश, म्हणजे २०८ किलोमीटर दक्षिणेला. रेखांशातला फरक २.७६ अंश, म्हणजे २८८ किलोमीटर पश्चिमेला. दोघांचे वर्ग ४३,२६४ आणि ८२,९४४. बेरीज १,२६,२०८. वर्गमूळ ३५५.

फळ्यावर हे उत्तर आले आणि शेजारच्या संगणकावर गोलाच्या सूत्रानेही ३५५ च आले, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. कर्ण म्हणजे काय हे दोन वर्षे शिकवून जेवढे पोचले नसेल तेवढे त्या पाच मिनिटांत पोचले.

शिवाय याच आकड्यावरून रेल्वेशी तुलना झाली. जळगाव ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेने ४२० किलोमीटर. विमानाची रेघ ३५५. पुण्याच्या बाबतीत फरक फारच मोठा आहे: सरळ रेघ ३१९, आणि मनमाड-दौंडमार्गे रूळ पावणेपाचशेच्या जवळ. सरळ जाता येत नाही म्हणून किती वळसा पडतो ते मुलांना आकड्यातच दिसले.

१८ नोव्हेंबर

लांबच्या विमानतळांसाठी संगणकाच्या तक्त्यात गोलाचे सूत्र बसवले. ६३७१ (पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किलोमीटरमध्ये) गुणिले ॲकॉस, आणि कंसात: पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याचा साइन, अधिक पहिल्याचा कॉस गुणिले दुसऱ्याचा कॉस गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कॉस.

पहिल्यांदा मुंबई हजारो किलोमीटर लांब गेली. कारण तक्ता कोन अंशात घेत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात घेतो. प्रत्येक कोनाला आधी रेडियन्सचे फंक्शन लावले की काम होते.

दुसरी अडचण एककाची. वेगवेगळ्या ठिकाणी जळगाव-मुंबई १९२, २२१ आणि ३५५ असे तीन आकडे दिसतात, आणि तिन्ही बरोबर आहेत. १९२ नॉटिकल मैल, २२१ साधे मैल, ३५५ किलोमीटर. वैमानिक नॉटिकल मैल वापरतात: अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. फलकावर फक्त किलोमीटर लिहायचे ठरले आणि तसे मोठ्या अक्षरात वर लिहायचे.

आलेले आकडे: पुणे ३१९, मुंबई ३५५, अहमदाबाद ३८८, हैदराबाद ५०९, मोपा सुमारे ६१०. एका धावपट्टीच्या कोणत्या टोकापासून मोजले यावर दोन-चार किलोमीटर मागेपुढे होतील, त्याची चिंता करू नये.

२२ नोव्हेंबर

शाळेत ३० सेंटीमीटर व्यासाचा ग्लोब आहे. त्याचा घेर ९४ सेंटीमीटर, पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. म्हणजे एक सेंटीमीटर जवळपास ४२५ किलोमीटर. जळगाव-मुंबई या ग्लोबवर एका सेंटीमीटरलाही कमी पडते. गोधडी शिवायचा दोरा आणला होता, त्याच्या जाडीतच अर्धे अंतर लपले. म्हणून जवळच्या विमानतळांसाठी ग्लोब बाद.

मुंबई-लंडनला मात्र ग्लोब अगदी योग्य. मशीनच्या रिळाचा बारीक दोरा ताणून धरला, १७ सेंटीमीटर भरला. १७ गुणिले ४२५ म्हणजे सव्वासात हजार; सूत्राने ७,२१० आले. ताणलेला दोरा कराचीजवळून, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून, क्रिमिया आणि युक्रेनच्या दक्षिणेवरून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टीने सरळ रेघ मारली तर ती याच्या पुष्कळ खाली पडते. कुठली रेघ खरी, यावर मुलांचे दोन तट पडले. दोरा सैल करून दोन्ही वाटा मोजल्यावर वाद मिटला.

पण इथेच एक गोष्ट स्पष्ट झाली. ही वाट सगळ्यात जवळची असली तरी आज भारतीय विमाने तिने जात नाहीत. युक्रेनवरचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे आणि पाकिस्तानवरचे एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना बंद. म्हणजे अंतराचा रकाना पक्का, पण उडालेले किलोमीटर त्याहून जास्त. फलकावर 'सरळ अंतर' असेच लिहायचे.

२६ नोव्हेंबर

आजपासून वेळेचा रकाना. सगळ्यात जास्त दिवस याच रकान्याने खाल्ले.

मुलांनी सुरुवात भागाकाराने केली. एटीआर ७२ चा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला, ३५५ भागिले ५००, उत्तर ४३ मिनिटे. तिकिटावर मात्र तासाच्या वर वेळ दिलेला. मग कुणी म्हणे तिकिटावरचा वेळ फुगवलेला, कुणी म्हणे विमान हळू जाते.

फ्लाइटरडार या उडती विमाने नकाशावर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर जळगावहून निघणारे विमान पडद्यावर लावून बसलो. वर्गातल्या एकीने घड्याळ धरले, दुसऱ्याने वेग वहीत उतरवला. विमान जागेवरून हलते, जमिनीवर चालत धावपट्टीच्या टोकाला जाते, थांबते. उडाल्यावर लगेच ५०० चा वेग नसतो. चढताना तो कितीतरी कमी असतो. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे दक्षिणेला हैदराबादकडे जायचे असले तरी निघायचे पूर्वेला किंवा पश्चिमेला, आणि मग वळायचे. उतरताना पुन्हा वेग कमी, पुन्हा वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत यायचे. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, म्हणून रांग लागते आणि कधी कधी हवेतच घिरट्या घालाव्या लागतात. पूर्ण वेगाने सरळ जाण्याचा काळ मधला तेवढाच.

म्हणजे प्रत्येक उड्डाणाला अंतराशी संबंध नसलेला एक ठरावीक वेळ लागतोच, जळगाव-पुणे असो नाहीतर जळगाव-गोवा. विमान कंपन्या चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंतचा वेळ धरतात, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर तोच असतो.

३० नोव्हेंबर

वरच्या निरीक्षणांवरून मुलांनी एक नियम बसवला. एटीआरसाठी: ३० मिनिटे अधिक, दर मिनिटाला ८ किलोमीटर.

पुणे: ४० अधिक ३०, १ तास १० मिनिटे.
मुंबई: ४४ अधिक ३०, १ तास १४ मिनिटे.
हैदराबाद: ६४ अधिक ३०, १ तास ३४ मिनिटे.
मोपा: ७६ अधिक ३०, १ तास ४६ मिनिटे.

वेळापत्रकाशी ताडून पाहिले, पाच-दहा मिनिटांच्या आत बसते. मोठ्या जेटसाठी दर मिनिटाला १४ किलोमीटर धरले (ताशी ८३० च्या आसपास), पण मुंबई-दिल्लीसारख्या गर्दीच्या जागी ३० पुरत नाहीत, ४५ लागतात. मुंबई-दिल्ली ११४० किलोमीटर: ८१ अधिक ४५, म्हणजे दोन तास सहा मिनिटे. तेही जुळते. जेटचा वेग जास्त असूनही सुरुवातीला तो वापरता येत नाही. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर.

यावरून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोपा पुण्यापेक्षा अंतराने जवळजवळ दुप्पट लांब, पण वेळ दीडपटच.

४ डिसेंबर

भिंतीचे काम. आधी प्लायवूड बसवले, त्यात टाचण्या जाईनात, वाकल्या. ते काढून सॉफ्टबोर्ड आणला, ९०० रुपये. प्लायवूड शाळेच्या कपाटाला लागेल, वाया गेले नाही, पण सुताराची मजुरी दोनदा द्यावी लागली, ३०० आणि ३००.

फ्लेक्स ४ बाय ६ फुटांचा, २४ चौरस फूट, २० रुपये दराने ४८०. छापणाऱ्याने नकाशा इंटरनेटवरून कुठून तरी उचलला होता आणि त्यात जम्मू-काश्मीरची सीमा चुकीची. असा नकाशा शाळेत लावता येत नाही. भारताची सीमा चुकीची दाखवणे कायद्याने गुन्हा आहे. परत छापून घेतला, दुसऱ्या वेळी त्यांनी अर्धे पैसे घेतले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचा बाह्यरेषा नकाशा स्वतः उतरवून घ्यावा आणि तोच छापायला द्यावा. छापण्याआधी पडद्यावर सीमा डोळ्याने तपासावी. तीन दिवस यातच गेले.

१३ डिसेंबर

वारा.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे उंचावर जोराचे वारे वाहतात, ज्या उंचीवर जेट विमाने उडतात साधारण त्याच उंचीवर. उन्हाळ्यात हा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. म्हणून हा प्रयोग करायचा तर डिसेंबर-जानेवारीतच करावा.

मुंबई-कोलकाता घेतले, सरळ अंतर १,६६५ किलोमीटर. वारा नसता तर नुसत्या उड्डाणाला ताशी ८३० ने १२० मिनिटे. सरासरी १०० चा वारा पाठीशी धरला तर वेग ९३०, वेळ १०७ मिनिटे. तोच वारा तोंडावर घेऊन परत येताना वेग ७३०, वेळ १३७. फरक अर्ध्या तासाचा!

मुलांना वाटले, जाताना वाचतो तेवढाच येताना जातो, म्हणजे बेरीज सारखी. तशी ती नाही. जाताना १३ मिनिटे वाचली, येताना १६ ते १७ गेली. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून नुकसानही जास्त वेळ सोसते. गावाबाहेरच्या रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध सायकल मारणाऱ्या एका मुलाला हे सगळ्यात आधी उमगले आणि त्यानेच बाकीच्यांना समजावले.

यापुढचे उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचे. २०१६ च्या ऑक्टोबरात हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अटलांटिकची वाट १३,९०० किलोमीटरच्या आसपास, पॅसिफिकची १५,३००. वाट चौदाशे किलोमीटरने लांब, तरी विमान साडेचौदा तासांत पोचले, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास आधी, कारण पश्चिमेचा वारा पाठीशी मिळाला. वर्गात हे सांगितले तेव्हा कुणाला खरे वाटेना. ग्लोबवर दोन्ही बाजूंनी दोरा लावून दाखवला.

यावर वेळेचा रकाना दुभागला: जाताना, येताना.

२० डिसेंबर

आज थोडेच काम. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, आमच्या नियमाने तीन तास. पण सकाळी दहाला निघालेले विमान तिथल्या घड्याळात साडेअकराला उतरते, आणि तिथून दहाला निघालेले इथे अडीचला. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास. एका मुलाचे काका तिकडे कामाला, त्याने तिकिटे आणून दाखवली तेव्हा सगळ्यांना पटले. फलकावर वेळ नेहमी 'तास-मिनिटे' लिहायचा, निघण्या-पोचण्याची घड्याळे लिहायची नाहीत.

३ जानेवारी २०२६

पालकसभेला फलक अर्धवट अवस्थेत दाखवला. एक आबा बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, "सर, आठे सव्वा तास लिखेल शे. पन मना घरथून मुंबईले पोचाले कितला येळ लागस?"

प्रश्न रास्त होता आणि फलकावर त्याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात आबांचा हिशेब मांडला. गावातून जळगाव ओलांडून कुसुंब्याच्या विमानतळापर्यंत गाडीने सव्वा तास. उड्डाणाच्या दीड तास आधी पोचायचे. विमानात १ तास १४ मिनिटे. उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. एकूण साडेचार तास, तेही मुंबईच्या विमानतळाच्या दारापर्यंत. दादरला जायचे तर अजून तास. रात्रीच्या गाडीने जळगावहून सात तासांच्या आसपास लागतात, पण ते झोपेत जातात.

पुण्याचा हिशेब वेगळा निघाला. तिथे रूळ इतका वळसा घेतो की विमानाचा फायदा मुंबईपेक्षा बराच जास्त आहे. गोव्याला तर फारच जास्त. मुंबईचा दोरा सगळ्यात आधी सगळ्यांच्या डोळ्यात भरतो, पण या भागाला विमानाचा खरा उपयोग पुणे, हैदराबाद आणि गोव्याला आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्या दिशेला थेट रूळ नाही त्या दिशेची फेरी टिकली पाहिजे.

म्हणून आणखी एक रकाना: घरापासून दारापर्यंत. याचा आकडा छापलेला नाही. प्रत्येक मूल आपल्या गावापासून स्वतः काढून खडूने लिहील, त्यासाठी तिथे काळा रंग दिला. रंगाला १२० रुपये.

१० जानेवारी

फलक पूर्ण. रकाने असे: सरळ अंतर, उड्डाणाचा वेळ जाताना, उड्डाणाचा वेळ येताना, घरापासून. अंतर पक्क्या रंगात रंगवले, कारण ते बदलत नाही. उड्डाणाचे दोन्ही वेळ जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर, छोट्या खिळ्यांना अडकवलेले. पहिल्या मांडणीत हेही रंगवायचे ठरले होते. वाऱ्याचा प्रयोग झाल्यावर तो बेत सोडला.

खर्च: सॉफ्टबोर्ड ९००, सुतार ६००, फ्लेक्स ४८० आणि २४०, रंग १२०, दोरे-टाचण्या-कागद १६०. एकूण २,५००. नकाशा आधी तपासला आणि प्लायवूड टाळले तर जवळपास दोन हजारांत होईल.

दिल्लीच्या चिठ्ठीवर सध्या आकडा लावलेला नाही. धुक्याच्या दिवसांत तिथला वेळ मोजून उपयोग नाही, एकेक विमान तासन्‌तास उशिरा उतरते. फेब्रुवारीत मोजू. २९ मार्चला विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक लागेल, तेव्हा जळगावच्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या बदलायच्या. त्या कामाला आठवीतली दोन मुले आणि एक मुलगी नेमली आहे, कारण नववी तेव्हा परीक्षेत असेल.